कठड्यावरची चिमूट

असलं काही मी मानत नाही, हे आधीच सांगते. गावी कोणाच्या अंगात आलं की मी कळशी घेऊन विहिरीवर निघून जायची. पण हे माझ्याच हातून झालं...

मी वैभववाडीकडची, सातवी शिकलेली. गोव्यात डिचोलीच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत एक लॅब आहे. झाडपाल्यातले रंग, अर्क खाण्यात चालतील का, ते आधी उंदरांना घालून बघतात. मला कोणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा पेडण्याच्या एका मॅडमनी उंदरांच्या खोलीत काम दिलं. ते उपकार विसरणार नाही.

सरबतात घालायच्या एका मुळीच्या लाल रंगाची टेस्ट चालू होती. रंग मिसळलेलं खाणं डब्यातून मोजून पिंजऱ्यांत घालायचं. संध्याकाळी डब्यात उरलेल्याचं वजन घातलेल्याशी जुळवून मॅडम वहीत लिहायच्या — ग्रॅमचा फरक चालत नाही. आणि मी काय करायची, तर त्याच डब्यातली एक चिमूट न मोजता आधी खिडकीच्या कठड्यावर ठेवायची. आई जेवणाआधी चुलीपाशी देवाची वाडी, म्हणजे नैवेद्याचा घास ठेवते, तसा आपोआप हात जायचा. भांडी धुवून येईपर्यंत चिमूट गेलेली असायची. खोली बंद, एसी, खिडकीला पक्की काच. मुंग्या नेत असतील म्हणून मी सोडून द्यायची.

तीन महिने असंच. रिपोर्ट चांगले आले. मग मुळ्यांचं नवं पोतं उघडलं, त्याचा रंग काढला. त्या सकाळी भांडी धुवून आले तर... चिमूट तशीच.

उंदरांना खाणं घालायला हात होईना. बाहेर मॅडम कंपनीच्या पाहुण्यांसाठी त्याच नव्या पोत्याच्या रंगाचं सरबत ढवळत होत्या. पहिला पेला नेहमी त्याच घेत. सांगितलं तर तीन महिन्यांचं काम बाद, आणि मी परत गावी. पेला ओठापाशी गेला.

"मॅडम, पिऊ नका."

"कितें जालें गो?"

रडत सगळं सांगितलं. सुपरवायझर सुदेशबाब हसले, "आयकलें? हांगा आता उंदरांचो नैवेद्य जाता."

मॅडम हसल्या नाहीत. पेला खाली ठेवला, पोतं तपासायला पाठवलं. त्यात दुसऱ्याच मुळ्या मिसळलेल्या निघाल्या — विषारी.

मग त्यांनी मला बोलावलं. समोर सगळ्या वह्या. गेली नोकरी, असंच वाटलं.

"शेवंता, तू रोज चिमूट काढायचीस? खरं सांग."

"रोज, मॅडम."

"तीन महिन्यांत डबा एकदाही कमी भरलेला नाही. फक्त त्या दिवशी कमी भरला. चिमूटभर."

मॅडमनी वह्या मिटून कपाटात ठेवल्या.

नोकरी टिकली. चिमूट आता ठेवत नाही, मॅडमनी मना केलंय. कठडा मात्र रोज पुसते... काचेकडे न बघता.