‘ॲम’च्या पुढचा शब्द

माझे शिक्षण चौथीपर्यंतचे. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, आणि अक्षर तर पहिल्यापासूनच किरटे. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे. शकू असती तर लाल पेन्सिल घेऊनच वाचायला बसली असती. ती नाही, म्हणून तर लिहिते आहे...

शकू माझी धाकटी नणंद. महिनाभरापूर्वी तिच्या शाळेतले एक मास्तर निरोप घेऊन आले, तेव्हा मी अंगणात धान वाळत घालत होते. वर्गात शिकवता शिकवता तिच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळे संपले. रडू मला मागाहून आले. आधी मनात आले, कोणता धडा चालला होता?

मी लग्न होऊन कोंढ्याला आले, तेव्हा शकू मॅट्रिकला नापास होऊन घरी बसली होती. गेला होता तो फक्त इंग्रजी विषय. दुसऱ्यांदा बसली, पुन्हा त्यातच राहिली. आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, बोलतील ते करणारे. जेवताना त्यांनी सांगून टाकले, “यंदा पास झाली तं मास्तरीन हो. नाई तं दिघोरीच्या बिजवराले होकार देतो.” शकूच्या हातातला घास ताटात परत गेला. तिला मास्तरीणच व्हायचे होते.

पवनीला एक म्हातारे गुरुजी इंग्रजी शिकवत. रविवारी शकू जायची आणि सोबत म्हणून मी. ती आत बसायची, मी पडवीत भिंतीला टेकून ऐकायची. पहिल्याच दिवशी गुरुजींनी विचारले, “‘मले भूक लागली’ हे इंग्रजीत सांग.” शकू ताडकन म्हणाली, “आय ॲम हंगर.”

“बाप्पा! मंग तुले जेवाले कायले देऊ? तूच भूक होऊन राहिली. अख्खं गाव खाशीन!”

मग त्यांनी नीट समजावले. तोडणे, रोवणे, धावणे ही क्रियापदे काम करतात. ‘ॲम’, ‘इज’, ‘आर’ काही काम करत नाहीत, नुसती जोडतात. अलीकडे कोण, पलीकडे तो काय आहे किंवा कसा आहे. ‘आय ॲम शकू’ बरोबर, ‘आय ॲम हंग्री’ही बरोबर. हंगर हे त्या भुकेचेच नाव. ते तिथे ठेवले की माणूसच भूक होतो. दिसणे, वाटणे, चवीला लागणे यांची इंग्रजी क्रियापदेही कधी कधी अशी जोडकाम करतात. त्यांच्या जागी ‘इज’ ठेवून पाहायचे. वाक्य उभे राहिले तर ते जोडणारे. शकूने एकदा ‘आंबा गोड लागतो’ याचे ‘टेस्ट्स स्वीटली’ केले, तर गुरुजी म्हणाले, “आंब्याले जीभ हाय काय वो, गोड गोड चाखाले? नुसतं स्वीट!”

परतताना मी म्हटले, “म्हणजे काम काही करायचं नाई, दोघांच्या मधात बसून राहायचं. तुझ्या दादासारखं.” सासू-सुनेच्या भांडणात माझे मालक तेवढेच करत. शकू हसून हसून बांधावरच बसली.

रोवणी आली. चिखलात वाकून आम्ही दोघी धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपे, रोवायचो आणि अभ्यासही तिथेच व्हायचा. मी आपल्या बोलीत सांगायची, ती इंग्रजीत.

“मले राग आला.”

“आय ॲम अँगर... नाई नाई, अँग्री!”

“मले लाज लागते.”

“आय ॲम शाय. हे तुयं वाक्य हाय, वहिनी.”

अनोळखी माणूस दिसला की माझा पदर तोंडावर जायचा, म्हणून ते वाक्य माझ्या डोक्यात राहिले. आपल्या बोलीत भूक लागते, राग येतो, लाज लागते. पाहुण्यासारखी येतात आणि जातात. इंग्रजीत माणूस स्वतःच तसा होतो. इंग्रजी खोटी म्हणत नाही मी, पण लाजेच्या बाबतीत मला आपली बोली बरी वाटते. लागलेली लाज उतरू तरी शकते.

शकू पास झाली. मामाजींनी निकाल दोनदा वाचून घेतला आणि दिघोरीला आपणच सांगून आले, “पोरगी मास्तरीन होऊन राहिली, तुमी दुसरं घर पाहा.” पुढे तिला नोकरी लागली ती थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, बपेऱ्याकडे. तिथे ती पाचवीला इंग्रजी शिकवायची, आणि शेवटपर्यंत तिने तेच केले.

तेरवी झाल्यावर मालकांसोबत मी तिचे सामान आणायला तिकडे गेले. मालक हेडमास्तरांशी बोलत होते. मला तिचा वर्ग पाहायचा होता, म्हणून एकटीच दारापर्यंत गेले आणि उंबऱ्यावर अडखळले. पुढच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “हू आर यू?”

हेडमास्तर लगबगीने आले. “माफ करा, ताई. बाईंचा नियम होता. वर्गात जो येईन त्यानं आपण कोण हे इंग्रजीत सांगितल्याशिवाय आत यायचं नाई. तपासणीच्या साहेबाले बी सोडलं नाई त्यायनं.”

सगळा वर्ग माझ्याकडे पाहत होता. हात पदराकडे गेला, पण मी तो खाली घेतला. ‘आय ॲम’ म्हटले आणि थांबले. पुढे काय ठेवू? माझे नाव इथे कुणाला माहीत... मग एकच शब्द सुचला.

“आय ॲम वहिनी.”

मुलीने वाक्य मनात तपासून पाहिले असावे. मान हलवली आणि म्हणाली, “कम इन, वहिनी.”