ओरिजिनल पार्ट येईपर्यंत

काकांनी त्या हिवाळ्यात मला एकच प्रश्न विचारला होता. उत्तर द्यायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. त्या पाच मिनिटांत मी परत परत जाऊन येतो.

मी मिनेसोटाच्या उत्तरेला एका लहान गावात राहतो आणि हायड्रॉलिक सिलिंडर बनवणाऱ्या कारखान्यात डिझाइन इंजिनिअर आहे. गावात मराठी घरं दोनच. एक माझं, दुसरं काका-काकूंचं. काका मूळचे नागपूरचे, इथल्या हॉस्पिटलात आयुष्यभर सर्जन होते. निवृत्त झाल्यावर मुलीने त्यांना तिच्या गावी, मॉरिसव्हिलला राहायला बोलावलं, घरसुद्धा बघून ठेवलं. पण काकांना तलावाकाठचं हे घर सोडवेना. मला ते आणि काकू इतक्या मायेने वागवत की मी सणासुदीला आपल्याच घरी जेवतोय असं वाटायचं.

तलावाच्या पलीकडच्या काठावर एका लाकडी घरात एक म्हातारे गृहस्थ एकटे राहायचे. ते पूर्वी जंगलतोडीच्या कामावर होते. काकांचे आधी पेशंट, नंतर मित्र. त्यांना मधुमेह होता आणि उजव्या पावलाला एक जखम झाली होती, ती भरत नव्हती. हॉस्पिटलचं नाव काढलं की ते चिडत. घर त्यांनी स्वतः बांधलं होतं, बायको त्याच घरात गेली होती. "मला इथून हलवू नका, बाकी काय कापायचं ते कापा," असं ते काकांना म्हणत.

म्हणून काका आठवड्यातून तीनदा पलीकडे जाऊन ड्रेसिंग बदलत. रस्त्याने मोठा वळसा होता आणि शेवटचे तीन मैल हिवाळ्यात कोणी साफ करत नसे. तलाव मात्र नोव्हेंबरच्या शेवटापासून गोठलेला असे. काका स्नोमोबाइलवर बसून बर्फावरून सरळ जात. ही गाडी मोटारसायकलसारखी हँडल धरून चालवायची, पुढे दोन स्की आणि मागे रुंद रबरी पट्टा. मागच्या पेटीत ड्रेसिंगचं सामान आणि काकूंनी दिलेल्या ज्वारीच्या भाकऱ्या. आयसेलिनच्या भारतीय दुकानातून पीठ मागवून काकू त्यांच्यासाठी मुद्दाम भाकऱ्या करत. एका अमेरिकन लाकूडतोड्याने लसणाच्या चटणीबरोबर भाकरी मागून खाल्ल्याचं कौतुक त्या सगळ्यांना फोनवर सांगत.

जानेवारीत काकांना स्नोमोबाइल कंपनीचं रिकॉलचं पत्र आलं. त्यांच्या मॉडेलच्या काही गाड्यांमध्ये स्कीला हँडलच्या दांड्याशी जोडणारं ब्रॅकेट तडकत होतं. नवा पार्ट पाठवू, तो बसेपर्यंत गाडी चालवू नका, असं त्यात लिहिलं होतं. काकांनी मला बोलावून घेतलं.

मी पोहोचलो तेव्हा काका गॅरेजमध्ये टॉर्च घेऊन गाडीखाली आडवे झाले होते.

"सकाळपासून त्या मशीनखाली घुसलेत," काकू दारातून म्हणाल्या. "माझ्या गुडघ्यांकडे कधी इतकं वाकून पाहिलं नाही."

"तुझ्या गुडघ्यांचं रिकॉल लेटर आलं नाही ना अजून," काका खालून म्हणाले.

मीही आडवा झालो. ब्रॅकेटच्या वेल्डिंगजवळ केसाएवढा तडा होता. काका उठून हात पुसत म्हणाले, "गावातल्या रिपेअर शॉपमध्ये विचारलं. ती बाई म्हणते, बाहेरच्या कंपनीचं ब्रॅकेट आहे तिच्याकडे, दुप्पट जाड. तासाभरात बसवून देते. कंपनीचं यायला महिना लागेल म्हणतात. तू इंजिनिअर आहेस. सांग, बसवू की थांबू?"

"थांबा, काका."

"का?"

"जाड पट्टी लावली म्हणून ताण नाहीसा होत नाही. तो पुढच्या जोडावर जातो. तो जोड तेवढ्यासाठी केलेला नसेल तर तलावाच्या मध्यावर तुटेल. तुमचं वय काय, काका? ओरिजिनल येऊ दे."

"अरे, तुम्हा ग्रीन कार्डच्या लायनीतल्या लोकांना थांबायची सवयच जडलीय," काका हसून म्हणाले. "कोणी सांगितलं श्वास घेऊ नका, अर्ज पेंडिंग आहे, तर तेही कराल."

मीही हसलो. त्यांचं खरं होतं. मी तालुक्याच्या गावातून आलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. हेडमास्तरांनी माझ्या स्कॉलरशिपचा फॉर्म स्वतःच्या हाताने भरला आणि मंजुरीचं पत्र आलं. मग प्रवेशाचं आलं, व्हिसाचं आलं. माझं सगळं आयुष्य शिक्का असलेल्या कागदांनी पुढे नेलं. प्रत्येक कागद उशिरा आला, पण आला. मधल्या काळात एकच नियम पाळायचा, सांगितलं त्याच्या बाहेर काही करायचं नाही.

आणि दुसरंही एक होतं. माझ्या वडिलांचं लहानसं वर्कशॉप होतं. मिळत नाही तो पार्ट ते लेथवर स्वतः घडवायचे. एका सुगीत त्यांनी घडवलेली पुली मळणी यंत्रावर फुटली आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा डोळा गेला. त्यानंतर वडील मला म्हणाले, "माझ्यासारखा अंदाजाने काम करणारा होऊ नकोस. शीक, मोजून करणारा हो." काकांना थांबा म्हणताना मला वाटलं, वडिलांनी ज्यासाठी शिकवलं ते आज कामी आलं. मला त्याचा अभिमानसुद्धा वाटला होता. हे लिहायला जड जातं.

काका थांबले. पहिल्या आठवड्यात शेजारच्या एकाने त्यांना आपल्या स्नोमोबाइलवरून एकदा पलीकडे नेलं. मग तो शेजारी थंडी टाळायला फ्लोरिडाला निघून गेला. काका रोज फोन करून ड्रेसिंग कसं बदलायचं ते सांगत. पलीकडून रोज एकच उत्तर येई, "ठीक आहे. उगाच काळजी करू नका." मी शनिवारी कारने वळसा घालून शेवटचे तीन मैल चालत जाईन, असं कबूल केलं होतं. त्या शनिवारी वादळ होतं. पुढच्या शनिवारी कारखान्यात ऑडिट होतं. मी म्हणालो, त्याच्या पुढच्या शनिवारी नक्की.

तो शनिवार यायच्या आधी, एका दुपारी, फोनवर त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी काकांना विचारलं, "ओंडक्यांचा ट्रक आला का?" तो ट्रक बंद होऊन कित्येक वर्षं झाली होती. काकांनी फोन ठेवला आणि लगेच इमर्जन्सीला लावला. बचाव पथकाची माणसं आपल्या स्नोमोबाइलवरून तलाव ओलांडून गेली आणि तासाभरात त्यांना घेऊन आली. विष पोटरीपर्यंत चढलं होतं. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. एका पायाने त्या घरात, त्या बर्फात एकट्याने राहणं शक्य नव्हतं. ते गावातल्या नर्सिंग होममध्ये, म्हणजे म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या संस्थेत, कायमचे राहायला गेले.

काकांनी त्याच आठवड्यात शॉपमधलं जाड ब्रॅकेट बसवून घेतलं आणि मित्राचे कपडे, बायकोचा फोटो, कॉफीचा मग आणायला तलाव ओलांडून गेले. मी या काठावर उभा राहून बघत होतो. गाडी सरळ गेली, सरळ आली. काकूंनी जेवायला थांबवलं, पहिल्यासारखंच आग्रहाने वाढलं. त्या रागावल्या असत्या तर मला घास गिळता आला असता.

कंपनीचा पार्ट मार्चमध्ये आला. मी काकांकडून दोन्ही ब्रॅकेट मागून घेतली, व्हर्नियरने मोजली, कॉम्प्युटरवर मॉडेल करून भार टाकून पाहिला. कधी पुढचा जोड टिकतो, कधी तुटतो. बर्फाचा खडबडीतपणा किती धरायचा, काकांचा वेग किती धरायचा, त्यावर सगळं. मी दिलेला सल्ला चूक होता असं आजही सिद्ध करता येत नाही. मी ब्रॅकेट तुटेल का एवढंच मोजलं होतं. काका गेले नाहीत तर तिकडे काय होईल, हे मोजायचं मला सुचलंच नाही.

आता हिवाळ्यात कारखान्यातून सुटून पार्किंगमध्ये येतो तेव्हा सूर्य कललेला असतो. तलावावर कोणाची तरी स्नोमोबाइल गुरगुरत जाते आणि माझा हात गाडीच्या दारावर तसाच राहतो. आवाज पलीकडच्या काठाकडे जातोय का, हे मी ऐकत राहतो. कधी कधी आवाज थांबल्यावरही ऐकत राहतो. पलीकडच्या घराच्या धुराड्यातून धूर येत नाही. तरी मी बघतो.

मी रविवारी काकांबरोबर त्यांच्या मित्राला भेटायला नर्सिंग होममध्ये जातो. बरेच महिने हवामान, काकांचं ब्लडप्रेशर, माशांचा हंगाम असंच बोललो. एका रविवारी काका माझ्याबरोबर आले नव्हते. मी खुर्ची जवळ ओढली आणि सांगितलं, "त्या वेळी काकांना थांबा म्हणणारा मी होतो. ते दुसरा पार्ट बसवणार होते."

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"तेव्हाच. डॉक्टर फोनवर म्हणाला, इंजिनिअर थांब म्हणतोय. मी म्हटलं, मग थांब." रिमोट बाजूला ठेवून ते म्हणाले, "मी फोनवर खोटं बोलत होतो, तेही खरं. पाय काळा पडलेला दिसत होता मला."

"तुम्हाला माझा राग नाही येत?"

"येतो," ते म्हणाले. "सकाळी डोळे उघडल्यावर हे छत दिसतं ना, तेव्हा येतो. मग नाश्ता येतो."

त्यांनी खिडकीकडे पाहिलं, मग पलंगाच्या पायथ्याकडे.

"उजव्या पायाला गार लागतंय," ते म्हणाले. "ते ब्लँकेट जरा ओढ."

मी उठलो. ब्लँकेट खाली ओढलं आणि जिथे उजवं पाऊल असायला हवं होतं तिथे, सपाट गादीवर, दोन्ही बाजूंनी नीट खोचलं.

"एवढं घट्ट नको," ते म्हणाले. "बोटं दबतात."

मी ते सैल केलं.