काशीचं पाणी व्हाया लंका

शुक्रवार, २ मे १९७५. जालना स्टेशन. मुली एकोणीस, सिस्टर दोन, मी आणि आचारी भुजंग. गाडी उशिरा. मदर निरोप द्यायला आल्या होत्या. भुजंगच्या वळकटीत गंगेचा गडू निघाला. मदर रागावल्या, मग परवानगी दिली. ऊन कडक. सकाळच्या पुऱ्यांना वास येऊ लागला होता, म्हणून त्या आधी संपवल्या.

माझ्या रोजनिशीत त्या दिवशीची नोंद एवढीच आहे. गाडीत लिहिलेली असल्यामुळे अक्षर वाईट आहे.

ते कॅथलिकांचं पवित्र वर्ष होतं. अशा वर्षी जमलं तर रोमला जावं, अशी रीत आहे. रोमला विमानाने जावं लागतं, आणि मी शिकवायचे त्या कॉन्व्हेंट शाळेत विमानात बसलेलं एकही माणूस नव्हतं. म्हणून शाळेच्या प्रमुख मदर इग्नेशियांनी लंका निवडली. लंकेत मडू नावाच्या ठिकाणी जंगलात मरियामातेचं जुनं मंदिर आहे. तिथली माती घरात असली तर सापाचं भय राहत नाही, असा लोकांचा विश्वास. लंका हा परदेशच, शिवाय रामेश्वरपर्यंत रेल्वे आणि पुढे बोट. पालकांनी माना डोलावल्या. एका मुलीच्या आजीने मात्र मला बाजूला घेऊन, तिथे आता राज्य कोणाचं आहे, याची नीट चौकशी केली.

सर्पदंशापासून राखणाऱ्या मातेच्या दर्शनाला आम्ही ज्याला बरोबर घेतलं त्याचं नाव भुजंग होतं, याकडे तेव्हा कोणाचं लक्ष गेलं नाही.

भुजंग कुंभार पिंपळगावचा. त्याच्या आजोबांच्या वेळी त्यांच्या वस्तीतली सहा-सात घरं ख्रिस्ती झाली होती; बाकीची छप्पन्न सालानंतर बौद्ध झाली. बाप्तिस्म्याचं त्याचं नाव बेनेडिक्ट, पण त्या नावाने हाक मारली तर तो स्वतःच मागे वळून बघायचा, की कोणाला बोलावताहेत. उंच, खांद्यात वाकलेला, मिशा भाकरीच्या पिठाने कायम पांढुरक्या. भाकरी थापता थापता तो रोझरी म्हणायचा, एका भाकरीला एक ‘नमो मरिये’. वसतिगृहात मुली कमी असल्या की त्याची प्रार्थना अपुरी राहायची, आणि मग तो जास्तीच्या भाकऱ्या करून ठेवायचा.

त्याच्यात एकच खोट होती. विचारलं की खरं सांगायचा. एकदा एका मुलीचे वडील अंबडहून आले आणि त्यांनी विचारलं, मुलीला रोज दूध मिळतं ना. भुजंग म्हणाला, दुधाचा रंग आलेलं पाणी मिळतं, ते ती समदं पिते. मदरनी त्याला कितीदा समजावलं की गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. ते त्याला पटायचं, पण जमायचं नाही.

निघायच्या आधी तो गावी भावाला, संपतला, सांगायला गेला होता. संपत अण्णासाहेबांच्या शेतावर कामाला होता. अण्णासाहेबांची आई द्वारकाबाई, तिच्या कानावर गेलं की भुजंग रामेश्वरला जातो आहे. लंका तिने ऐकलीच नाही. तिचे यजमान कारभारी यांनी काशी करून गंगेचा गडू आणला होता. काशीचं पाणी रामेश्वरला वाहिल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही. पण पुढच्याच पावसाळ्यात ते वारले. तेव्हापासून गडू देव्हाऱ्यात होता. अण्णासाहेब दरवर्षी नेतो म्हणायचे आणि दरवर्षी एकतर कापूस वेचणीला यायचा, नाहीतर अंबडच्या कोर्टात तारीख निघायची. कारभारी तिच्या स्वप्नात येऊन दारात उभे राहायचे आणि पाणी पोचलं का, एवढंच विचारायचे. तिचे गुडघे गेले होते. तिने भुजंगला ओट्याखाली उभं केलं आणि गडू दिला. ख्रिस्तावाच्या हाती गंगा कशी, असं सून कौसल्या म्हणाली, तर द्वारकाबाईंचं उत्तर तयार होतं. गडूच्या तोंडाला कथलाचा डाग दिलेला आहे, आतलं बाहेर येत नाही आणि बाहेरचं आत जात नाही.

हे सगळं भुजंगने मला गाडीत सांगितलं. गडू मांडीवर होता.

“बाई, त्या घरात आमाला भाकर बी वरून टाकायचे. आजवर त्या घरातलं काही हातात आलं न्हवतं. ह्यो गडू पह्यल्यांदा आला. ह्यो न्हाई पोचला तर लोक म्हनतील, ख्रिस्तावानं गंगा पिली. संपतला गावात ऱ्हाता यायचं न्हाई.”

मदरचा निकाल स्टेशनवरच झाला होता. एक कॅथलिक माणूस मरियामातेच्या यात्रेला गंगाजल घेऊन निघाला आहे, हे कळल्यावर त्या बाकावर बसल्या. मग म्हणाल्या की कोणाची वस्तू पोचवणं हे टपाल आहे, पूजा नव्हे. टपाल चालेल. मात्र त्याने हात जोडायचे नाहीत. हाताकडे लक्ष ठेवायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं.

रामेश्वरला आमची गाडी इतकी उशिरा पोचली की आम्ही फलाटावरून धावत थेट बोटीत. देऊळ डाव्या हाताला दिसलं आणि मागे पडलं. भुजंग एका हातात गडू आणि दुसऱ्याने कठडा धरून उभा. त्याला बोट लागली. मुलींनाही लागली, पण मुलींना दोन्ही हात मोकळे होते.

पलीकडे कस्टमचा अधिकारी होता. त्याने ज्वारीच्या पिठाची पिशवी हुंगून बाजूला ठेवली आणि गडू उचलला. सिस्टर प्रिस्का केरळच्या. त्या त्याच्याशी तमिळमध्ये बोलल्या आणि भुजंगची उत्तरं त्याला सांगत गेल्या. यात काय आहे? पाणी. कुठलं? काशीचं. कुठे न्यायचं? रामेश्वरला. अधिकाऱ्याने खिडकीतून समुद्राकडे बोट केलं आणि रामेश्वर तिकडे राहिलं, असं सांगितलं. भुजंग म्हणाला, माहीत हाय, तिकडूनच आलो. अधिकाऱ्याने गडू कानाशी हलवला. मग विचारलं की हे पाणी परत घेऊन जाणार का? भुजंग म्हणाला, बिलकुल, इथं एक थेंब ठेवनार न्हाई. ही बाब कुठल्या सदरात बसवावी हे अधिकाऱ्याला कळेना. शेवटी त्याने प्रवाशाचं पिण्याचं पाणी असं ठरवलं आणि सिस्टरना सांगितलं, यांना तहान लवकर लागो.

मडूला पोचलो तेव्हा चारी बाजूंना जंगल, मध्ये मोठं पांढरं मंदिर आणि पायाखाली मऊ माती. मुली दमल्या होत्या. मिस्सा झाली, भुजंगने फादरजवळ पापांचं कन्फेशन केलं, आणि गडू बाकाखाली ठेवून तो मुलींच्या भाकऱ्या करायला गेला. परत येऊन बघतो तो गडू नाही. तो रडकुंडीला आला. आम्ही बाकं हलवून शोधलं. शेवटी एका मुलीला तो वेदीच्या पायरीवर दिसला. देवळाची व्यवस्था बघणाऱ्या म्हाताऱ्याला वाटलं होतं की कोणी लांबून आलेल्या भाविकाने पाणी आशीर्वादासाठी ठेवलं आहे. त्याने गडूभोवती फुलं मांडली होती, आणि फादरनी येताजाता त्याच्यावर तीर्थ शिंपडलं होतं.

भुजंग खाली मान घालून बसला. त्याचा प्रश्न असा होता की आता हे पाणी काशीचं राहिलं का, आणि द्वारकाबाईंनी विचारलं तर काय सांगायचं.

सिस्टर प्रिस्कांनी गडू उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, “डाग दिलेला आहे. आत काही गेलेलं नाही.”

हे वाक्य त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

परतीच्या वेळी रामेश्वरला गाडीला अवकाश होता. मुली सिस्टरांबरोबर स्टेशनवर थांबल्या. मी आणि भुजंग देवळाकडे गेलो. हिंदूंखेरीज इतरांनी आत गाभाऱ्याकडे जाऊ नये, असा फलक होता. आम्ही बाहेरच्या लांब ओवरीतच थांबलो. तिथे गंगाजल स्वीकारायला एक वृद्ध पुजारी बसले होते. आम्ही मराठीत बोलताना ऐकून ते हसले. त्यांचे पूर्वज आपल्याकडचे. घरात अजून मराठी बोलतात, पण ती बरीच जुनी आणि वाकडी झालेली.

भुजंगने गडू त्यांच्यापुढे ठेवला आणि लगेच दोन्ही हात पायजम्याच्या खिशात घातले. मी समाधानाने मान हलवली. पुजाऱ्यांनी त्याला थंडी वाजते का, असं विचारलं. मे महिना होता. भुजंग म्हणाला, न्हाई, मदरनं सांगितलंय. पुजाऱ्यांना ‘मदर’ म्हणजे आई एवढं समजलं, आणि आईचं ऐकतो म्हणून त्यांनी त्याचं कौतुक केलं.

त्यांनी नाव विचारलं. त्याने भुजंग सांगितलं.

“उत्तम. भुजंग तर देवाच्या गळ्यातच असे. आणि हे कोणाचे निमित्ते?”

“कारभारी. वारले ते.”

“गोत्र?”

भुजंग माझ्याकडे वळला. गोत्र म्हणजे काय, असं त्याने हळूच विचारलं. मला जेवढं सुचलं तेवढं मी सांगितलं, की आपण मुळात कोणाचे, ते. तो ताठ झाला. आठवडाही झाला नव्हता त्याच्या कन्फेशनला.

“कॅथलिक,” तो म्हणाला.

“कौशिक,” पुजारी म्हणाले.

“कौशिक न्हाई महाराज. कॅथलिक.”

“तेच ते. तुम्हांकडे उच्चार बिघडला.”

भुजंगला हे तसंच सोडवेना. “आमचे आजोबा झाले पह्यले. त्येच्या आधी न्हवतो आमी.”

“सगळ्यांचे कोणीतरी पहिले असतेच, बाबा,” पुजारी म्हणाले, आणि गडू उचलून आत गेले.

आतून घंटा ऐकू आल्या. भुजंगचे हात खिशात होते, पण खिशातल्या खिशात ते एकमेकांकडे सरकताहेत असं मला वाटलं. मदरनी खिशांबद्दल काही सांगितलेलं नव्हतं. थोड्या वेळाने रिकामा गडू आणि थोडं भस्म घेऊन पुजारी परत आले.

रविवारी, २५ मेला, भुजंगच्या आग्रहावरून मी त्याच्याबरोबर कुंभार पिंपळगावला गेले. आपलं एकट्याचं खरं कोणी धरणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. एसटीतून उतरलो तर द्वारकाबाईंकडे मांडव घातलेला. आम्ही येतोय असा निरोप गेला होता, म्हणून त्यांनी मावंदं ठेवलं होतं. यात्रा पुरी झाली की करतात ते यात्रेचं जेवण. पाणी पोचलं की नाही हे विचारायच्या आधीच पुरण शिजत होतं. पंचवीस-तीस पाहुणे बसले होते.

ओट्यावर द्वारकाबाई, शेजारी अण्णासाहेब. भुजंगने रिकामा गडू ठेवला. द्वारकाबाईंनी एकेक गोष्ट विचारली आणि त्याने एकेक गोष्ट सांगितली. बोटीतली उलटी सांगितली. कस्टम सांगितलं. मरियामातेच्या पायरीवरची फुलं सांगितली, तेव्हा मांडवात कुजबुज झाली. मी त्याच्या सदऱ्याला मागून ओढत होते, त्याचा उपयोग झाला नाही. शेवटी त्याने गोत्रही सांगितलं.

अण्णासाहेब उठून उभे राहिले. “म्हंजी आमच्या बापाचं पानी ख्रिस्तावाच्या नावानं वाह्यलं? बाटलं समदं. उठवा पाव्हने. हे मावंदं होनार न्हाई.”

कोणी उठलं नाही. पुरणाचा वास येत होता. भुजंग खाली बघत उभा होता आणि संपत मांडवाच्या खांबाआड गेला होता.

द्वारकाबाईंनी भुजंगला विचारलं, “तू काय म्हनला?”

“कॅथलिक.”

“आन म्हाराज?”

“कौशिक.”

“दोनदा म्हनले?”

“एकदा म्हनले. दुसऱ्यांदा तेच ते, म्हनले.”

त्या लेकाकडे वळल्या. “आन आपलं गोत्र कोनतं रे, अण्णा?”

अण्णासाहेब उपरणं सारखं करू लागले. द्वारकाबाईंनी पुन्हा विचारलं.

“कौशिक,” अण्णासाहेब म्हणाले.

“मंग? बराबर पत्त्यावर गेलं की पानी. तू नेलं असतं तर आजून कोर्टातच असतं.”

मांडवात पहिल्यांदा कोणीतरी हसलं. आता प्रश्न पाटाचा आला. यात्रा करून आलेल्याला पाटावर बसवून त्याचे पाय धुवायचे असतात. अण्णासाहेबांनी घाईने सुचवलं की यात्रा गडूने केली, गडूलाच पाटावर ठेवावं. कौसल्या गडू ठेवूनही मोकळी झाली. द्वारकाबाईंनी गडू उचलून खालून पाहिला.

“ह्याला पाय कुठं हायेत?” त्या म्हणाल्या. “भुजंग, वर ये. अण्णा, बस खाली.”

भुजंग ओट्याच्या कडेपाशी थबकला. मग चढला आणि पाटाच्या अगदी टोकावर बसला. अण्णासाहेब उभ्याउभ्याच तांब्या कलता करू लागले, तेव्हा आईने नुसतं पाहिलं. ते बसले. त्यांनी भुजंगचा पाय हातात घेतला, आणि भुजंगला गुदगुल्या झाल्या.

त्याने मिशा चावल्या, डोळे मिटले, ‘नमो मरिये’ सुरू केलं. काही इलाज चालला नाही. तो पोट धरून हसत सुटला. पाय सुटायचा, अण्णासाहेब पुन्हा धरायचे. आपल्यालाच हसतो आहे असं वाटून ते आधी लालबुंद झाले, आणि मग, पाय निसटून तांब्या त्यांच्याच मांडीवर कलंडला, तेव्हा तेही हसले. दुसरा पाय द्वारकाबाईंनी तसाच कोरडा राहू दिला. म्हणाल्या, एका पायाचं पुन्य बी पुरतं. भुजंग पहिल्या पंगतीत जेवला. त्याने पाच पुरणपोळ्या खाल्ल्या आणि विचारल्यावर, पुरण जरा कच्चं आहे, असं सांगितलं.

जेवणानंतर बायांनी त्याला घेरून, त्याने पुड्या बांधून आणलेली मडूची माती मागितली. शेतात सगळ्यांच्याच साप होते. कौसल्याने दोन पुड्या घेतल्या.

शेवटच्या एसटीने आम्ही जालन्याला परतलो. त्या दिवशीची नोंद अर्ध्या पानाची आहे आणि तिचा शेवट असा: रात्री चूल पेटवली नाही. सकाळचं दूध नासलं होतं, ते मांजरीला घातलं.