भिंतीवर उघडणारं दार

नवरा गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मी एका इंग्रजी घराची गाइड झाले. ठरवून नाही. इथे अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनमध्ये आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत, रिटायर्ड डॉक्टर. त्या दर शनिवारी तिथे व्हॉलंटियर करायच्या. एकदा गाडी घेऊन दारात आल्या आणि म्हणाल्या, "कोट घाल, चल." मी कोट घातला. त्या दिवसांत कुणी काही सांगितलं की मी ते करायचे.

ओहायोच्या मक्याच्या शेतांमध्ये ते घर उभं आहे. मूळचं इंग्लंडमधल्या खेड्यातलं, बेताच्या ऐपतीच्या जमीनदाराचं, म्हणून लहानच. आधी नुसता एक उंच हॉल होता. मधोमध जमिनीवर शेकोटी, धूर जायला छपरात फट. वरच्या तुळया अजून काळ्या आहेत. पुढे कुणीतरी धुरांडं बांधलं आणि हॉलच्या अर्ध्या उंचीवर लाकडी मजला घातला. मोठी खिडकी अर्धी खाली, अर्धी वर राहिली. नंतरच्या मालकाला लाकडी चौकटीचं घर जुनाट वाटलं, त्याने समोरून विटांची भिंत चढवली. मागची बाजू तशीच ठेवली. शेवटी वारसांना घर झेपेना. इकडच्या एका कारखानदाराने ते विकत घेतलं आणि सुटं करून जहाजाने आणलं. मागच्या खोल्या मात्र तिकडेच राहिल्या. त्यामुळे वरच्या मजल्यावरचं एक दार उघडलं की समोर भिंत येते.

हे सगळं मी पाठ केलं. बोलत असताना दुसरं काही सुचायचं नाही, तेवढं बरं वाटायचं. दूर पश्चिम किनाऱ्यावरच्या बॉथेलहून मुलीचा फोन यायचा. "आई, आर यू ओके? घर सेल कर आणि इकडे ये ना." मी म्हणायचे, बघू.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एक इंग्रज म्हातारी आली. सोबत तिचा मुलगा, तोही साठीचा. माझं सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "माझी आई या घरात जन्मली. तिचे वडील इथे शेवटचे भाडेकरू होते." मग तिने वरचं ते दार उघडायला सांगितलं.

मी उघडलं. तिने भिंतीच्या गिलाव्यावर हात ठेवला.

"यामागे तिची खोली होती," ती म्हणाली. "फार गारठायची म्हणे. आता तिथे गुरं बांधतात."

मुलाने फोटो काढला आणि खिडकीकडे जाऊन उभा राहिला. मला वाटलं, आता आपल्याला रडू येईल. आलं नाही. तिच्या स्वेटरचं एक बटण दुसऱ्या रंगाचं होतं, तेच मी बघत राहिले.

खाली उतरताना तिने माझा हात धरला. "तुम्ही इथे जवळच राहता?"

"हो. एकटी असते. माझे मिस्टर गेले."

परक्या माणसाला हे मी पहिल्यांदाच सांगत होते. आवाज नेहमीसारखाच आला, शेकोटीची माहिती सांगताना येतो तसा. तिने सांत्वन केलं नाही. म्हणाली, "जेवता का वेळेवर?"

"कधी कधी."

"माझंही तसंच झालं होतं. बराच काळ."

परत येताना गाडीत काकूंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "रडलीस?"

"नाही."

"बरं. पुढच्या शनिवारी मी नाहीये. एकटी जाशील?"

"जाईन."

रविवारी मुलीला सांगितलं, यंदा घर विकायचं नाही. तिने कारण विचारलं. मी शनिवारच्या घराचं सांगितलं. ती म्हणाली, "फाइन, आई. मग मी थँक्सगिव्हिंगला तिकडे येते."

शनिवारी मी स्वतः ड्राइव्ह करत गेले. शाळेची मुलं आली होती. एका मुलीने विचारलं, एवढ्या धुरात ती माणसं राहायची कशी? मी म्हटलं, डोळे चुरचुरत असणार, पण सवय होत असेल.