रुमालावरून नाडी

वैद्यबुवांनी माझ्या मनगटावर रेशमी रुमाल टाकला आणि त्यावरून तीन बोटं ठेवली. माझ्याआधीच्या बाईचा हात त्यांनी उघडाच धरला होता. मला आडनाव विचारलं, आणि लगेच रुमाल निघाला. रेशमाला म्हणे विटाळ होत नाही.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तापली होती तेव्हाची गोष्ट. आम्ही करी रोडच्या चाळीत. मी गिरणीत वाइंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात. बौद्ध होऊन वर्ष झालेलं. लग्नाला सात वर्षं, मूल नाही. सासूनं सांगून टाकलं होतं, "दिवाळीपर्यंत बघते. नायतर दुसरी आणते." म्हणून खाडा करून गिरगावात ह्या वैद्याकडे आले होते.

डोळे मिटून ते म्हणाले, "जठराग्नी मंद आहे. अन्न पचत नाही, आम साचतो. गर्भ धरणार कसा? तुमच्या लोकांचं खाणंच तसलं."

माझं खाणं? पहाटे उठून सगळ्यांच्या भाकऱ्या मी थापायच्या. सगळे जेवले की उरलंसुरलं, गारढोण, ते माझं. गिरणीच्या सुट्टीत उभ्यानं दोन घास. केव्हा जेवतेस, काय जेवतेस, एवढं विचारलं असतं तरी मी त्यांचे पाय धरले असते. खरंच धरले असते.

आठवड्यापूर्वी संयुक्त महाराष्ट्राचा आमचा मोर्चा ह्याच गल्लीतून गेला होता. तेव्हा हेच बुवा दारात उभं राहून आमच्याबरोबर घोषणा देत होते.

माझं डोकं फिरलं. रुमाल उचलून मी त्यांच्या गादीवर ठेवला.

"हात लावून बघा. नायतर बघूच नका."

"गरज तुला आहे," ते म्हणाले.

खोटं नव्हतं ते. तरी उठले. त्यांनी पुढं सरकवलेल्या चूर्णाच्या पुड्या तिथंच सोडल्या.

घरी सासूनं विचारलं, "काय म्हणाला वैद्य?"

मी शेगडी पेटवली. पहिली गरम भाकरी उतरवली, ताटात घेतली आणि सगळ्यांच्या आधी जेवायला बसले. सासू बघतच राहिली. तिचाही जन्म गार भाकरीवरच गेला होता.

जेवण झाल्यावर बोलले. "आत्याबाई, मूल होईल, न होईल. मी यापुढं मागनं जेवणार नाही. आणि आजवर सगळ्यांनी मलाच तपासलं. आता तुमच्या लेकाला तपासायला न्या. तो जाऊन येईस्तोवर ह्या घरात सवतीचं नाव काढायचं नाही."