उपसलेली विहीर

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी साताऱ्यात पोहण्याच्या एका तलावावर बायकांना शिकवायला लागले. नातवंडं झालेल्या बायका पंजाबी ड्रेस घालून यायच्या आणि कठड्याला अशा धरून राहायच्या, की सोडवताना माझी बोटं दुखायची. महिनाभरात त्याच बायका एकमेकींवर पाणी उडवत खिदळायच्या. मग कुणीतरी विचारायचंच, "तुम्ही कुठं शिकलात हो?" मी सांगायची, सांगलीला, कृष्णेत. "अगंबाई, नदीत! नशीबवान आहात!" त्यावर मी शिट्टी वाजवून त्यांना पाण्यात उतरवायची. नशिबाची गोष्ट सांगत बसले असते तर बॅचची वेळ निघून गेली असती.

आमचं गाव कडेगावच्या बाजूला. गावात उसाला पाणी होतं, म्हणजे विहिरी होत्या, आणि विहिरी होत्या म्हणजे उन्हाळ्यात पोरांना पोहायला शिकवणं होतंच. परीक्षा संपली की पाठीवर पत्र्याचा डबा बांधायचा आणि बापानं किंवा चुलत्यानं वरून ढकलून द्यायचं. दुपारभर आरडाओरडा चालायचा. तो आम्हाला आमच्या वस्तीपर्यंत ऐकू यायचा.

आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन साली धर्म बदलला, गावानं मात्र आमच्याबद्दलचं मत काही बदललं नाही. आता कुणी शिव्या देत नव्हतं, पाटी लावलेली नव्हती. विचारलं तर उत्तर गोडच मिळायचं. आज मोटर चालू हाय, आज पाणी खाली गेलंय, उद्या बघू. तो उद्या आमच्यातल्या कुणाच्या नशिबी आला नाही.

आणि गावातले सगळ्यात पट्टीचे पोहणारे होते माझे वडील. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. फौजेत शिकले होते. विहिरीत कुणी बुडालं की गाव त्यांना बोलवायला यायचं. तेव्हा मोटर बंद असायची, पाणीही खाली गेलेलं नसायचं. आप्पा बुडी मारून प्रेत वर आणायचे, बाजूला उभं राहून अंग पुसायचे आणि घरी येऊन जेवायचे नाहीत. त्यानंतर विहीर उपसायची ही आमच्याकडची रीतच. ज्या पाण्यात माणूस मेलं ते सगळं काढून टाकायचं आणि झऱ्याचं नवं पाणी भरू द्यायचं. त्यात वावगं काही नाही. मेलेल्या माणसाचं एवढं तरी करावं.

आप्पांच्या मनात एकच होतं. वस्तीतलं प्रत्येक पोर पोहायला शिकलं पाहिजे, पोरगी असो नाहीतर पोरगा. "इतकी मढी वर काढली मी. त्यात उद्या आपल्यातलं कोन निघू नये," असं ते आईला म्हणायचे. त्यांना फक्त एका उन्हाळ्यापुरती एक विहीर हवी होती.

मी सातवीची परीक्षा दिली त्या वर्षी ती मिळाली. मळ्याच्या वाटेनं आप्पा सायकलवरून येत होते आणि एका विहिरीवर कालवा उठला. मालकाचा नातू पोहायला शिकत होता, त्याच्या डब्याची दोरी सुटली होती. काठावरची माणसं नुसती ओरडत होती. आप्पांनी चपलांसकट उडी टाकली. पोराला वर आणलं, पालथं घातलं, पाठ चोळली. पोरगं पाणी ओकलं आणि रडायला लागलं. मालकानं आप्पांचे हात धरले. "तुझं उपकार कसं फेडू गड्या? उद्यापासनं तुमची पोरं घिऊन ये. विहीर तुझीच हाय."

आप्पांना इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी घरोघर फिरून त्यांनी तेलाचे रिकामे डबे गोळा केले, त्यांची तोंडं पक्की बंद केली, बाजेची सुतळी सोडून दोऱ्या वळल्या. आईनं माझ्या जुन्या सलवारीचे पाय आखूड करून दिले. सकाळी आमची वरात निघाली. पाठीवर डबे, पुढं आप्पा.

लांबूनच मोटरचा आवाज आला. बांधावरून पाणी भसाभसा वाहत होतं, उसाच्या सरी तुडुंब भरून वाटेवर आलं होतं. आम्ही काठावर जाऊन वाकून बघितलं. तळाशी नुसता गाळ होता.

आमच्यातल्या सगळ्यात लहान पोरीनं विचारलं, "काका, कोन मेलं?"

कुणीच मेलं नव्हतं. काल वाचलेला नातू समोरच्या कट्ट्यावर बिस्किटं खात बसला होता. मालक आप्पांच्या डोळ्याला डोळा न देता म्हणाला, "गाळ लय साठला होता रं. म्हटलं काढून घ्यावा. पाणी आलं की सांगतो की."

"बरं," आप्पा म्हणाले. एवढंच. मला वाटलं होतं ते काहीतरी बोलतील, मोटर बंद करतील, निदान थुंकतील तरी. त्यांनी आम्हाला माघारी वळवलं आणि वाटभर धाकट्यांच्या पाठीवरचे डबे सोडत चालले. मला त्या मालकापेक्षा आप्पांचाच जास्त राग आला. आठवड्यात विहीर भरली, पोरांचा आरडाओरडा पुन्हा सुरू झाला. आम्हाला सांगायला कुणी आलं नाही.

मग आप्पा मला घेऊन सांगलीला आत्याकडं गेले. सगळी पोरं नेणं काही शक्य नव्हतं. रोज सकाळी आम्ही कृष्णेच्या घाटावर जायचो. तिथं पोहायला येणाऱ्यांत एक आजोबा होते, सत्तरी ओलांडलेले. नदी आरपार करून यायचे आणि दमायचे नाहीत. त्यांना माझं कौतुक वाटलं. माझ्या डोक्याखाली तळहात धरून त्यांनीच मला उताणं तरंगायला शिकवलं. "पाणी तुला उचलतंय, तू कशाला त्याला उचलायला जातीस?" कानात पाणी, वर आभाळ, आणि अंगाला वजनच नाही. इतकी मजा मला त्याआधी कशातच आली नव्हती. गाव, विहीर, सगळं मी विसरले होते.

एके दिवशी पायरीवर अंग पुसताना त्यांनी आप्पांना गाव विचारलं. आप्पांनी सांगितलं. "मग एवढ्या लांब कशाला येता? गावात विहिरी न्हाईत व्हय?"

"हायत जी," आप्पा म्हणाले. "पाणी न्हाई त्यात."

"व्हय, तुमच्याकडं दुष्काळच की."

मला राहवेना. "आजोबा, पाणी लय हाय. पर आमाला उतरू देत न्हाईत. आप्पांनी त्यांचं पोरगं बुडताना काढलं, तर त्यांनी सगळी विहीर उपसली."

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नव्हे, पण ते बघणं मला आजही नकोसं वाटतं. आजोबा आधी माझ्याकडं, मग आप्पांकडं बघत राहिले. "असं व्हय," म्हणाले आणि पंचा खांद्यावर टाकून पायऱ्या चढून गेले.

दुसऱ्या दिवशी मी गेल्या गेल्या त्यांना हाक मारली. ते रोजच्या पायरीवर नव्हते. बरेच लांब, जिकडून पाणी आमच्याकडं वाहत येतं त्या वरच्या अंगाला, ते एकटेच पोहत होते. माझी हाक त्यांना ऐकू गेली होती, कारण त्यांनी मान वळवली आणि पुन्हा फिरवली. आप्पा माझ्याजवळ गळ्याएवढ्या पाण्यात उभे होते. त्यांनी माझ्या पोटाखाली हात घातला आणि हळूच म्हणाले, "तिकडं बघू नगंस. पाय मार."