रिकाम्या डब्याची सुतळी

सडक अर्जुनीला हायवेच्या कडेला, रिंकूच्या ढाब्याला लागून, केवलराम शहारेचं गॅरेज आहे. पाने साइझप्रमाणे ओळीत टांगलेले. पुसायचं फडकं कधी जमिनीवर पडलेलं दिसणार नाही. मागच्या भिंतीवर एका खिळ्याला पाच लिटरचा रिकामा तेलाचा डबा असायचा. त्याला सुतळी बांधलेली. सुतळी सडली की केवलराम नवी बांधायचा. सव्वीस वर्षांत नऊ वेळा तरी बांधली असेल.

कोणी विचारलं तर सांगायचा, "ज्याचा हाय तो येईन न्यायले."

तो डबा बिसरामसेठचा होता. केवलराम तेव्हा बत्तीस वर्षांचा, सेठच्या राइस मिलमध्ये मिस्त्री. सेठकडे दोन दारांची जर्मन गाडी होती. लांब नाक, सहा सिलेंडर, जिल्ह्यात तशी दुसरी नव्हती. एका पावसाळ्यात केवलरामने तिचं तेल बदललं. दुसऱ्या दिवशी सेठचा मुलगा उमेंद्र गाडी घेऊन मित्रांसोबत इटियाडोह धरणावर गेला. गाडी परत आली ती ट्रॅक्टरला बांधून. इंजिन लॉक.

"तेलच नव्हतं त्यात," उमेंद्र बापाला म्हणाला. "मिस्त्री टाकलाच नाही."

सेठने इंजिन उघडून पाहिलं नाही. मिलच्या फाटकावर सगळे हमाल उभे केले, तेलाच्या रिकाम्या डब्याला सुतळी बांधली आणि ती केवलरामच्या गळ्यात घातली. फाटकापासून वजनकाट्यापर्यंत आणि परत, तीन चकरा.

"मी तेल टाकलो होतो जी," केवलराम प्रत्येक चकरेला म्हणत होता.

"तुम्हा लोकांच्या हाती मशीन देलो, हेच चुकलो," सेठ म्हणाला.

तिसऱ्या चकरेनंतर केवलराम फाटकाबाहेर पडला तो डबा गळ्यात तसाच घेऊन. घरी आल्यावर बायकोने, ललिताने, काढायला हात पुढे केला. त्याने तिला हात लावू दिला नाही. स्वतः काढला आणि खिळ्याला लावला.

त्यानंतर अकरा वर्षं त्याच्या हाती कोणी इंजिन दिलं नाही. बिनतेलाचा मिस्त्री, हे नाव अर्जुनी मोरगावपर्यंत पोचलं होतं. मग त्याने चाकं धरली. ट्रकचे टायर उतरवणं, पंक्चर काढणं, वाकलेली रिंग सरळ करणं. एका चाकाला जेवढा घाम लागतो तेवढा तो घालायचा, थेंबभर कमी नाही. पुढे एकदा रायपूरचा एक ट्रक ढाब्यासमोर बंद पडला. ड्रायव्हर परमुलखातला, त्याला काही माहीत नव्हतं. केवलरामने इंजिन खोलून बांधून दिलं. तिथून पुन्हा सुरुवात झाली. गॅरेज उभं राहिलं तेव्हा डबा घरून तिथल्या भिंतीवर आला.

तेव्हापासून त्याचा एक नियम. काम झालं की गाडीतून काढलेला जुना माल पोत्यावर मांडायचा, काढला त्या क्रमाने. गाडी ज्याच्या नावावर, त्यानेच यायचं. प्रत्येक वस्तू हातात घेऊन, काय बिघडलं आणि कशाने बिघडलं, ते केवलरामने मोठ्याने सांगायचं. मगच चावी. कोणाला घाई असली तर, "मंग दुसऱ्याकडे जा."

गेल्या वर्षी, दिवाळी झाल्यावर, ट्रकवर लादून एक गाडी आली. ताडपत्री ओढली तेव्हा केवलरामने हातातला चहा खाली ठेवला. लांब नाक, दोन दारं. चारही टायर बसलेले, चाकांवर बुरशी धरल्यासारखा पांढरा गंज.

सोबत उमेंद्र होता. पोट सुटलेला, केसांना रंग.

"मिस्त्री, हायवेवर सगळे तुमचंच नाव घेतात. इंजिन आणि चाकं एकदम नवी पाहिजे. नागपूरला जुन्या गाड्यांची रॅली आहे."

"काय झालं होतं हिले?"

"कुणास ठाऊक. जुनी गोष्ट आहे. कोण्या मिस्त्रीने बिना तेलाची ठेवली होती."

"नाव काय त्याचं?"

"नाव कोणाला आठवते? मिस्त्रीच म्हणत होतो."

केवलरामने मान हलवली. "खोलून पायतो. गाडी कोणाच्या नावावर?"

"पिताजीच्या."

"मंग न्यायच्या दिवशी ते आले पाहिजे. आमचा नियम हाय."

"पंच्याऐंशीचे झाले ते!"

"खुर्ची देईन."

तिसऱ्या दिवशी इंजिन खाली उतरलं. जाम झालेल्या पिस्टनांवर डिझेल आणि गिअर तेल ओतून आठ दिवस मुरत ठेवलं. घाई करून ठोकलं असतं तर ब्लॉक चिरला असता. हवेच्या फिल्टरचा डबा उघडला. आत वाळलेला चिखल, एका सरळ रेषेपर्यंत. त्यात धानाचं एक पातं चिकटलेलं. केवलरामने ते पातं अलगद सोडवून कागदात ठेवलं. मग त्याने खालचं तेलाचं भांडं काढलं. आत तेल होतं. पाणी मिसळून दुधाळ झालेलं, पण पुरेपूर. क्रँकची बेअरिंगं काढली. एकही जळलेलं नव्हतं. आणि तिसऱ्या सिलेंडरचा कनेक्टिंग रॉड केळ्यासारखा वाकलेला.

तेलाविना चाललेल्या इंजिनात बेअरिंग आधी जळतं. पाणी प्यायलेल्या इंजिनात रॉड वाकतो. पोराने पुराच्या पाण्याने भरलेल्या रपट्यात, नाल्यावरच्या बुटक्या पुलावर, गाडी घातली होती.

त्याने ललिताला बोलावलं. तिने पातं पाहिलं, रॉड पाहिला.

"मंग आत्ताच्या आत्ता जाऊन सांगून द्या ना त्याले! कायले थांबून राहिले?"

"सांगन नाई. सांगितलो होतो एकदा. आता दाखवीन."

"आणि नाई मानला तर?"

"त्याचा बाप मिल चालवते. बेअरिंग ओळखते."

दोन महिने तो त्या गाडीला लागला. सहा रॉड नवे मागवले आणि सोनाराच्या काट्यावर तोलले. दोन जड निघाले. ते घासून बाकीच्या चारांच्या बरोबर केले. सोनार हसला, "काय मिस्त्री, मंगळसूत्र बनवून राहिले का?" केवलराम हसला नाही. सिलेंडर घासून घेतले, हेड सपाट करून घेतलं. पेट्रोलच्या टाकीतून किलोभर गंज निघाला. चाकांना मात्र त्याने कोणाला हात लावू दिला नाही. अकरा वर्षं याच कामावर त्याने पोट भरलं होतं. वाळू-कागद जाड, मग बारीक, मग ओला. एका चाकाला तीन दिवस. पुढच्या डाव्या चाकाची कड वाकलेली होती, ती गरम करून, लाकडी हातोडीने, केसभर केसभर सरळ केली. फिरवून पाहिलं. लचक राहिली नव्हती.

ते चाक चढवताना दुपारची वेळ होती. ढाब्यावर गर्दी, गॅरेजात तो एकटा. पाच बोल्टपैकी चार आवळले. पाचवा बोटानेच फिरवून ठेवला आणि तो खाली बसला.

चारही बोल्टांना एक एक फेरा उलटा दिला तर? नवेगावच्या जंगलातल्या वळणापर्यंत चाक टिकलं असतं. उमेंद्र जोरात चालवणार, हे त्याला ठाऊक होतं. डोळ्यासमोर चाक निघून झाडीत जाताना दिसलं. मागे लांब नाकाची गाडी, नाकावर. त्याला बरं वाटलं. खोटं कशाला बोलायचं, फार बरं वाटलं. हात पान्याकडे गेलाही.

मग लोक काय म्हणतील तेही ऐकू आलं. मिस्त्री आवळलाच नाही.

तो उठला. पाचवा बोल्ट मापाच्या पान्याने टक वाजेपर्यंत आवळला आणि पाचही बोल्टांवर पांढऱ्या रंगाची रेघ मारली. सैल झाला तर दिसावा. कोणी सैल केला तर तेही दिसावं.

ठरल्या दिवशी सकाळी बिसरामसेठ आला. काठी, जाड चष्मा, पाय ओढत. केवलरामने खुर्ची दिली. पोतं अंथरलेलं होतं. ढाब्यावरचे आठ-दहा ड्रायव्हर नेहमीप्रमाणे कपबशा घेऊन जवळ सरकले. रिंकू हात पुसत आला.

"चालू कर ना मिस्त्री, कायले बाजार भरवून राहिला?" उमेंद्र म्हणाला.

"माल पाहून घ्या आधी." केवलराम उकिडवा बसला. "हा हवेचा फिल्टर. चिखल हाय. हे धानाचं पातं. पानी नाकापर्यंत होतं."

सेठ पुढे वाकला.

"हे बेअरिंग. घ्या हातात जी."

म्हाताऱ्याने बेअरिंग अंगठ्याने चोळलं. उलटं केलं. पुन्हा चोळलं.

"हे तर जळलं नाही."

"नाई जळलं. हा तिसऱ्या पिस्टनचा रॉड. पानी पिऊन वाकला. आणि या बाटलीत तेल. याच इंजिनातून काढलो. पुरं होतं."

ढाब्याकडे कोणी तरी कपबशी खाली ठेवली. बिसरामसेठ मान वर करून मुलाकडे पाहत होता. उमेंद्रने मोबाईल काढला आणि परत खिशात ठेवला.

केवलराम उठला, मागच्या भिंतीवरून डबा काढून आणला आणि पोत्यावर, रांगेत सगळ्यात शेवटी ठेवला.

"हा डबा. तुमचाच हाय. सुतळी नवी बांधलो."

म्हाताऱ्याने चष्मा काढला, घातला. "तू... तो मिस्त्री?"

"केवलराम शहारे."

"केवलराम," सेठने नाव पहिल्यांदा उच्चारलं. मग काठी मुलाच्या पायाशी आपटली. "रपट्यात घातला होता तू?"

"पिताजी, मी तेव्हा पोरगा होतो..."

"हा बी कोणाचा पोरगाच होता. उचल तो डबा."

"पिताजी, लोक..."

"तेव्हा बी लोक होते. गळ्यात घाल."

उमेंद्रने केवलरामकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. अशा वेळी ज्याचं दुखलं असतं त्याने पुढे होऊन म्हणायचं असतं, राहू द्या सेठजी, झालं गेलं. रिंकू हळूच म्हणालाही, "केवलभाऊ, जाने दो अब."

केवलरामने मापाचा पाना घेतला आणि गाडीच्या पुढच्या डाव्या चाकापाशी बसला. एक बोल्ट. टक. दुसरा. टक. तिसरा. त्याने वर पाहिलं नाही. चौथा. पाचव्याला मागे डब्याचा पत्रा शर्टाच्या गुंड्यांवर वाजल्याचा आवाज आला. मग चपलांचा. गॅरेजपासून ढाब्याच्या खाटांपर्यंत, आणि परत.

तो पुढच्या उजव्या चाकाकडे गेला. तिथेही पाच. मागची दोन्ही चाकं झाली तोवर पावलं तीनदा जाऊन आली होती.

मग त्याने चावी फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. आवाज इतका नरम, की ढाब्यावरच्या चुलीची फुरफुर ऐकू येत होती. म्हाताऱ्याला दोघांनी धरून आत बसवलं. डबा मागच्या सीटवर ठेवायला उमेंद्र वाकला, तेव्हा त्याचे कान लाल होते.

केवलरामने चावी त्याच्या हातावर ठेवली.

"पन्नास किलोमीटर झाले की चाकांचे बोल्ट एकदा आवळून घ्या. रेघ मारून देलो हाय, हललं तर दिसते."

"घेऊन येतो," उमेंद्र खाली पाहत म्हणाला.

"दुसऱ्याकडून घ्या," केवलराम म्हणाला आणि पोतं झटकायला वळला.